घरी मॉडेल रेल्वे बांधताना उमेद टिकत नाही, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की निपाणीला घराच्या माडीवर आठ बाय चार फुटांच्या प्लायवर एचओ मापाचा (खऱ्याच्या १:८७) लेआउट, म्हणजे रूळ-गाड्यांची मांडणी, घेतलाय. दूधसागरचा घाट करायचा आहे. रूळ टाकून झाले, पण वायरिंगमध्ये शॉर्ट येतोय, म्हणून गणपतीपासनं गाडी फिरलेली नाही. आता वर जावंसं वाटत नाही आणि घरचे खोली मोकळी करा म्हणतात.

मी बेळगावचा. टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटाच्या आसपास वाढलो, उद्यमबागेत एका फाउंड्रीच्या पॅटर्नशॉपमध्ये (ओतकामाचे नमुने करतात तिथं) काम करतो, आणि हा छंद मला बऱ्याच वर्षांपासनं आहे. तुमचा प्रश्न वाचून मला एकच गोष्ट दिसते: तुमची गाडी फिरत नाही. या छंदातली सगळी हौस रुळावरनं जाणाऱ्या गाडीतनं येते. ती महिनोन्महिने थांबली की कुणाचाही हात मागं येतो. त्यामुळं मनाला समजावत बसण्यात वेळ घालवू नका. आधी गाडी फिरवू, मग पुढचं बोलू.

शॉर्टचं बघा. घाट करताना पुष्कळजण वर गेलेली लाइन गोल वळवून परत त्याच लाइनीला जोडतात. अशा वळशात डावा रूळ फिरून उजव्या रुळाला येऊन मिळतो, म्हणजे प्लस आणि मायनस एकमेकांना भिडतात. तुमच्या प्लॅनमध्ये असा वळसा असेल तर वायरी कितीही तपासल्या तरी शॉर्ट जाणार नाही, कारण चूक वायरीत नाहीच, रुळाच्या आकारात आहे. त्या वळशाचा एक तुकडा दोन्ही टोकांना, दोन्ही रुळांमध्ये प्लास्टिकचे जॉइनर (रूळ जोडणारे, पण करंट न जाऊ देणारे तुकडे) घालून वेगळा करा. हा तुकडा तुमच्या सगळ्यात लांब गाडीपेक्षा लांब पाहिजे. त्याला करंट वेगळ्या डीपीडीटी स्विचमधून (प्लस-मायनसची अदलाबदल करणारा स्विच) द्या. गाडी तुकड्यात पूर्ण शिरली की मुख्य लाइनीची पोलॅरिटी पालटायची आणि मग ती बाहेर काढायची. डीसीसी (डिजिटल कंट्रोल) वापरत असाल तर हे काम ऑटो-रिव्हर्स मॉड्यूल आपसूक करतं.

वळसा नसेल तर पॉइंट (एका लाइनीतनं दुसरी फुटते ती जागा) बघा. पॉइंटचा फ्रॉग (आतले दोन रूळ मिळतात तो कोन) धातूचा असला तर त्याच्या पुढच्या दोन आतल्या रुळांना प्लास्टिकचे जॉइनर लागतात, आणि ते राहून जाणं फार सोपं आहे. तेही ठीक असेल तर सगळे फीडर (रुळांना करंट देणाऱ्या वायरी) सोडवून टाका. एक जोडा, मल्टिमीटर लावून बघा, मग दुसरा जोडा. ज्याला मीटर वाजेल तिथं दोष. तीन-तीन फुटांवर एक फीडर पुरतो.

हे सगळं व्हायला चार-दोन रविवार जातील. तोवर आज संध्याकाळी एवढं करा: सरळ लाइनीचा एक तुकडा बाकीच्यापासनं सोडवा, कंट्रोलरच्या दोन वायरी क्लिपनं त्यालाच लावा, आणि इंजिनाला दोन डबे जोडून पुढं-मागं फिरवा. चार फूट का असेना. खोलीत इंजिनाचा आवाज परत यायला पाहिजे, बाकी सगळं त्याच्या मागनं येतं.

आता घाटाबद्दल. इथं मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण तुमची दमछाक मुळात इथं झालीय असं मला वाटतं. कॅसलरॉक ते कुळे हा दूधसागरचा घाट आपल्या भागातल्या प्रत्येक रेल्वेवेड्याला करावासा वाटतो. पोर्तुगीज राजवटीत १८८० च्या दशकात मुरगावहून मीटरगेजनं वर आलेली ही लाइन १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाली, पण चढ तोच, ३७ ला १, म्हणजे ३७ फूट गेल्यावर एक फूट वर. कुळ्याहून गाडीला जादा इंजिनं लावून वर ढकलत न्यावी लागतात. खऱ्या डोंगरात ज्याला एवढा जोर लागतो, ते तुमच्या प्लायवर कसं बसतं याचा हिशेब करून बघा. एचओमध्ये एका लाइनीवरनं दुसरी न्यायची तर फळीची जाडी धरून आठेक सेंटीमीटर उंची लागते. ३७ ला १ या चढानं तेवढं चढायला जवळजवळ तीन मीटर, म्हणजे दहा फूट लागतात. उतरायला पुन्हा दहा. आठ बाय चारच्या प्लायवर काठानं टाकलेल्या लाइनीचा पूर्ण फेराच वीस फुटांच्या आत भरतो. म्हणजे स्टेशनाला सपाट जागा उरतच नाही. चढ जास्त तीव्र केला तर वळणावर इंजिन घसरतं आणि तीन डबेसुद्धा ओढत नाही. डब्यांचंही तसंच. आपला पॅसेंजर डबा साधारण बावीस मीटरचा, १:८७ मध्ये तो पंचवीस सेंटीमीटर होतो. अठरा इंच त्रिज्येच्या वळणावर असा डबा एवढा बाहेर येतो की बघवत नाही. बावीस इंच त्रिज्या घेतली तर चार फुटी प्लाय काठोकाठ भरते.

म्हणून माझा आग्रह आहे की घाट आत्ता बाजूला ठेवा. कायमचा सोडा असं म्हणत नाही. घाटाच्या अलीकडचं एक छोटं स्टेशन घ्या. देसूर, इदलहोंड, गुंजी, तिनईघाट, कुठलंही. दोन-तीन लाइनी, एक फलाट, एक साइडिंग (डबे उभे करायची बाजूची लाइन), मागं झाडी. लांबी मात्र आखडून घ्यावी लागेल. खऱ्या लांबीचा फलाट तुमच्या अख्ख्या माडीत मावणार नाही, चार डब्यांचा फलाट पुरे. उंची आणि रुंदी आखडू नका, लांबी आखडलेली डोळ्याला खटकत नाही.

स्टेशनावर स्वतः जाऊन या. निपाणीला रेल्वे नाही, त्यामुळं तुम्हाला मुद्दाम निघावं लागेल, पण दिवसभराची ही सहल फार कामाची ठरते. पॅसेंजरनं जा, उतरा, फलाटाची रुंदी पावलांनी मोजा, छपराला खांब किती, पाण्याचा नळ कुठं, बाकडी कुठल्या बाजूला, लिहून घ्या. आमच्या पॅटर्नशॉपमध्ये श्रिंकेजची पट्टी असते. ओतीव लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून त्या पट्टीवरचे आकडे मुळातच थोडे मोठे आखलेले असतात आणि कारागिराला दर वेळी गुणाकार करावा लागत नाही. तशीच १:८७ ची कागदी पट्टी मी करून ठेवलीय, तुम्हीही करा. एक मीटर म्हणजे साडेअकरा मिलिमीटर. काम करताना पदोपदी कॅल्क्युलेटर उघडावा लागला की माणूस कंटाळतो, आणि हा कंटाळा आपण उगाच उमेदीच्या खात्यावर टाकतो.

गाडी गोल-गोल फिरवून आठवडाभरात मन भरतं, हेही खरं. त्यावर मला सापडलेला सगळ्यात चांगला उपाय शंटिंगचा, म्हणजे डबे मागं-पुढं करून गाडी जुळवण्याचा आहे. ॲलन राइट या ब्रिटिश छंदीनं रचलेलं ‘इंगलनुक’ नावाचं एक कोडं आहे. तीन साइडिंग: एकीत पाच वाघिणी (मालाचे डबे) मावतात, उरलेल्या दोन्हींत तीन-तीन. पुढच्या तुकड्यावर इंजिन आणि तीन वाघिणी. एकूण वाघिणी आठ. चिठ्ठ्या काढायच्या आणि त्यांच्या क्रमानं पाच वाघिणींची गाडी लावायची. असे क्रम ६७२० होतात, त्यामुळं आदल्या दिवशीचा डाव परत येण्याची भीती नाही. फूटभर रुंद आणि पाच-सहा फूट लांब फळीवर, चारचाकी वाघिणी वापरून हे आरामात बसतं. आपल्याकडं त्याला विषयही तयार आहे: साखर कारखान्याचं साइडिंग. माझ्या चिठ्ठ्यांवर साखर, खत, सिमेंट, कोळसा असं लिहिलंय. कामावरनं आलं, चहा घेतला, एक डाव लावला, एवढ्यात दिवसाचा शीण जातो. आणि रोज गाडी फिरली की रूळही स्वच्छ राहतात.

सीनरीचं काम करताना अख्खा बोर्ड एकदम रंगवायला घेऊ नका. एक फूट जागा निवडा आणि ती शेवटपर्यंत पुरी करा. खडी, गवत, फलाटाची कड, पाटी, दिव्याचा खांब, सगळं. बाकी प्लाय उघडी राहिली तरी चालेल. ती एक फूट जागा रोज डोळ्यांपुढं राहते आणि पुढचं काम कसं दिसणार आहे हे दाखवत राहते. आपल्या बेळगावात, निपाणीत पोरं दिवाळीला किल्ला करतात तेव्हा हेच होतं. गोणपाट चिखलात बुडवून दगडांवर टाकलं, मोहरी पेरली, मावळे मांडले, आणि किल्ला दिवाळीच्या दिवशी तयार असतो, कारण दिवाळी कुणासाठी थांबत नाही आणि गल्लीतले लोक बघायला येणार असतात. तुमच्या लेआउटलाही अशीच एक तारीख द्या. गणपतीला घरी माणसं येतातच. पुढच्या गणपतीला आलेल्यांना काय दाखवायचं ते आज ठरवा, आणि ठरवताना थोडंच ठरवा.

माती आपलीच वापरा. खानापूरकडची तांबडी माती चाळून, उन्हात वाळवून घेतली की तिच्यासारखा रंग कुठल्याही आयात पावडरीला येत नाही. फक्त एक काळजी घ्या. या मातीत लोहाचे कण असतात आणि इंजिनाच्या मोटरमध्ये चुंबक असतं. म्हणून पसरण्याआधी मातीतनं लोहचुंबक चार-पाच वेळा फिरवून कण काढून टाका. मग माती पसरायची, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकलेलं पाणी स्प्रेनं मारायचं, आणि निम्मं पाणी घातलेलं फेविकॉल ड्रॉपरनं सोडायचं. खडीलाही हीच रीत. झुडपांना वाळलेल्या घोसाळ्याची जाळी छान चालते.

पावसाळ्यात मात्र स्वतःवर जबरदस्ती करू नका. आपल्याकडच्या जुलैत प्लाय फुगते, फेविकॉल वाळत नाही, रुळांवर थर येतो. प्लायला दोन्ही बाजूंनी आणि कडांना व्हार्निश मारलेलं असेल तर बरं. त्या दोन-तीन महिन्यांत बोर्डावर कापड टाका आणि खाली जेवणाच्या टेबलावर बसून स्टेशनची इमारत, सिग्नलची केबिन, डब्यांचं रंगकाम करा. पाऊस उघडला की आयसोप्रोपिल अल्कोहोलनं रूळ पुसून परत गाडी सुरू.

घरच्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, हे मी तुमच्या बाजूनं असूनही सांगतो. आठ बाय चारची प्लाय खोलीच्या मधोमध असली की ती खोली दुसऱ्या कशालाच उरत नाही. फूटभर रुंदीची फळी भिंतीला लागून, कपाटाच्या उंचीवर गेली तर कुणाची अडचण होत नाही. आणि वडीलधाऱ्यांना विचारा. माझ्या आईला गाड्यांत काही रस नव्हता. पण मीटरगेजच्या काळात बेळगावहून मिरजेला जायचं, तिथं उतरून पुण्याची ब्रॉडगेज गाडी पकडायची, सामान आणि पोरं सांभाळत फलाट बदलायचा, हे तिला अजून जसंच्या तसं आठवतं. तिनं सांगितलेल्या जागी मी पाण्याची टाकी आणि चहाचा गाडा ठेवला, तेव्हापासनं पाहुण्यांना लेआउट तीच दाखवते.

मोठं स्वप्न लहान फळीवर कसं सुरू होतं, याचं एक उदाहरण मला फार आवडतं. कॅलिफोर्नियातल्या माँटेरेत जॉन ॲलनचा लेआउट जगभर गाजला. त्याची सुरुवात तुमच्या प्लायपेक्षाही लहान बोर्डानं झाली होती, आणि पुढं तळघरभर डोंगर उभे राहिले तेव्हा तो पहिला बोर्ड त्यातच बसवला गेला. तुमचं गुंजी किंवा तिनईघाट नीट झालं तर उद्या घाट त्यालाच येऊन मिळेल. पुण्याला गेलात तर कोथरूडचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय बघून या. १९९८ पासनं ते लोकांसाठी खुलं आहे. तिथं गाड्यांबरोबर सिग्नल, दिवे, रस्ते सगळं एकत्र चालताना बघितलं की परत येताना डोक्यात चार कामं तयार असतात.

तुमच्या ट्रॅक प्लॅनचा वरनं काढलेला फोटो इथं टाका. पॉइंट कुठल्या कंपनीचे आहेत आणि डीसी आहे की डीसीसी तेही लिहा. जॉइनर कुठं बदलायचे ते मी खुणा करून देतो.