दादांनी लॅपटॉप का मिटला?

प्रश्न : माझ्या पत्नीचे थोरले बंधू गेली तीस वर्षे अमेरिकेत, ओहायो राज्यात राहतात. ते तिथले नागरिक असून रिपब्लिकन पक्षाचे पक्के मतदार आहेत आणि स्वतःला अभिमानाने ‘कंझर्व्हेटिव्ह’ म्हणवतात. २०२३ च्या श्रावणात ते नागपूरला आले होते. चांद्रयान-३ चंद्रावर उतरले त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे २४ ऑगस्टला, सकाळी साडेसहा वाजता दादांनी आमच्या बैठकीत लॅपटॉपवर त्यांच्या पक्षातल्या अध्यक्षपदाच्या इच्छुकांची ‘डिबेट’ लावली. समोर पहिल्या पानभर चांद्रयान असलेले वर्तमानपत्र पडले होते, त्याला त्यांनी हातही लावला नाही. जवळजवळ दोन तास ते स्वतःच्याच पक्षावर चिडत होते आणि समारोपाची भाषणे सुरू होण्याआधीच त्यांनी लॅपटॉप मिटला. ‘हेलीबाई सगळ्यांत मुद्देसूद बोलल्या, पण माझं मत त्यांना नाही,’ एवढे इच्छुकांपैकी निकी हेली यांच्याविषयी बोलून ते तर्री-पोहे खायला बाहेर पडले. आपल्याच पक्षाच्या कार्यक्रमाचा इतका राग का यावा? आणि अशा वादातून उमेदवार खरोखर ठरतो का?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : दादांचा राग समजून घ्यायचा तर आधी त्यांच्या ‘कंझर्व्हेटिव्ह’ या शब्दापाशी थांबावे लागेल. आपण त्याचे भाषांतर सरसकट ‘पुराणमतवादी’ असे करतो आणि नागपुरात राहत असल्यामुळे तो शब्द ऐकताच आपल्याला संघाचे महाल आणि रेशीमबाग आठवते. ही तुलना फार पुढे नेता येत नाही. अमेरिकेतल्या अशा मतदाराच्या मनात धर्म, कुटुंब आणि गर्भपाताला विरोध यांना मोठी जागा असते हे खरे; पण कर कमी असावेत, बंदूक बाळगण्याचा हक्क अबाधित राहावा आणि वॉशिंग्टनच्या सरकारने आपल्या व्यवहारात कमीत कमी लुडबूड करावी, हा आग्रहही तितकाच जुना आणि तितकाच कडवा असतो. या दुसऱ्या आग्रहाचा आपल्याकडचा जवळचा नातलग शोधायचा झाल्यास तो राजगोपालाचारींच्या स्वतंत्र पक्षात सापडेल. त्या पक्षाच्या जन्माचे एक मोठे निमित्त म्हणजे जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसच्या अधिवेशनाने केलेला सहकारी शेतीचा ठराव, आणि तो ठराव झाला होता आपल्या नागपुरातच.

१९८० च्या दशकातले रिपब्लिकन अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या काळापासून हे दोन्ही आग्रह आणि त्यांच्या जोडीला ‘जगात अमेरिकेचा दरारा हवा’ हा तिसरा, असे तिन्ही एका छपराखाली बऱ्यापैकी नांदत आले. त्या सकाळी दादांनी डिबेट झाली त्या मिलवॉकी शहरातल्या मंचावर पाहिले ते या तीन आग्रहांचे वेगळे निघणे. युक्रेनला आणखी मदत देण्यास उद्योजक विवेक रामस्वामी यांनी साफ नकार दिला, तर ट्रम्प यांचे उपाध्यक्ष राहिलेले माइक पेन्स आणि माजी गव्हर्नर निकी हेली व ख्रिस ख्रिस्ती त्यांच्यावर तुटून पडले. गर्भपातावर देशभर १५ आठवड्यांची मर्यादा असावी, असे पेन्स म्हणत होते. त्यासाठी सिनेटमध्ये लागणारी ६० मते आपल्याकडे नाहीत, तेव्हा लोकांना खोटी आशा दाखवू नका, असे हेली यांनी त्यांना सुनावले. शिवाय ट्रम्प यांच्या कारकिर्दीत देशाच्या कर्जात आठ लाख कोटी डॉलरची भर पडली, हा हिशेबही त्यांनीच मांडला. काटकसरीचा आग्रह धरणाऱ्या माणसाला तो पटल्यावाचून राहणार नाही. परंतु पटणे वेगळे आणि आपल्या घरातले बिंग आपल्याच माणसाने चारचौघांत फोडलेले आवडणे वेगळे. ‘मुद्देसूद बोलल्या, पण मत नाही’ या वाक्यात मला तरी काही विसंगती दिसत नाही.

रागाचे दुसरे कारण प्रश्न विचारण्याच्या पद्धतीत असावे. फॉक्स न्यूज ही वाहिनी दादांसारखे प्रेक्षक आपली मानतात, आणि तिच्याच सूत्रसंचालकांनी देशाचे अध्यक्ष होऊ पाहणाऱ्या आठ जणांना हात वर करायला सांगितले. हवामानबदलाच्या प्रश्नावर फ्लोरिडाचे गव्हर्नर रॉन डीसँटिस यांनी ‘आम्ही शाळकरी मुले नाही’ म्हणून तो प्रकार थांबवला. पुढे मात्र, न्यायालयाने ट्रम्प यांना दोषी ठरवले तरी ते उमेदवार झाल्यास पाठिंबा द्याल का, असे विचारताच त्याच डीसँटिस यांनी आधी आजूबाजूला कोणाचे हात वर गेले आहेत ते पाहिले आणि मग आपला हात उचलला. आठांपैकी सहा हात वर गेले. आर्कान्सॉचे माजी गव्हर्नर एसा हचिन्सन यांचा खालीच राहिला आणि ख्रिस्ती यांनी अर्धवट उचललेले बोट नकाराचे असल्याचे सांगितले. वास्तविक या मंचावर जागा मिळवण्यासाठी प्रत्येकाने पक्ष जो उमेदवार देईल त्याला पाठिंबा देण्याची लेखी हमी आधीच दिली होती. म्हणजे हात वर केला तर लाचारी आणि नाही केला तर वचनभंग. हा प्रश्न मला पेचात पकडण्यासाठीच विचारलेला वाटतो आणि त्यावर चिडणाऱ्या मतदाराला मी दोष देणार नाही. (त्या मंचाची दुसरी अट किमान ४० हजार देणगीदारांची होती. ती पुरी करण्यासाठी नॉर्थ डकोटाचे तेव्हाचे गव्हर्नर आणि आठांपैकी एक असलेले डग बर्गम यांनी एक डॉलर देणाऱ्याला वीस डॉलरचे भेटकार्ड देऊ केले होते. आपल्याकडे याला काय म्हणतात, ते आपण जाणताच.)

मात्र मला वाटते, खरी बोच मंचावर नसलेल्या माणसाची होती. जनमत चाचण्यांत सर्वांच्या कितीतरी पुढे असलेले ट्रम्प आलेच नाहीत. त्याच वेळी त्यांची आधी चित्रित केलेली मुलाखत समाजमाध्यमावर सोडण्यात आली. दुसऱ्या दिवशी ते २०२० च्या निवडणुकीचा निकाल फिरवण्याच्या प्रयत्नाबद्दलच्या खटल्यात अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या तुरुंगात हजर झाले, पोलिसांनी काढलेले त्यांचे छायाचित्र जगभर गेले आणि जवळजवळ १ कोटी २८ लाख लोकांनी पाहिलेली ती डिबेट एका दिवसात शिळी झाली.

आता आपला दुसरा प्रश्न. १९६८ पर्यंत अमेरिकेतही उमेदवारी बव्हंशी पक्षातल्या बड्या मंडळींच्या हाती होती; त्या वर्षी तेव्हाचे उपाध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री एकही प्राथमिक निवडणूक (उमेदवार निवडण्यासाठी राज्याराज्यांत होणारे पक्षांतर्गत मतदान) न लढवता डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले. त्यावरून उठलेल्या वादळानंतर नियम बदलले आणि १९७२ पासून हा निर्णय मुख्यतः सामान्य मतदारांकडे गेला. आपल्याकडे तिकीट दिल्लीहून येते आणि नाराज इच्छुकाची समजूत बंद दाराआड काढली जाते. तिथे ती नाराजी दूरचित्रवाणीवर येते, कारण तिकीट देणारे दादांसारखे लोक घरोघरी बसलेले असतात. अशा चर्चेने उमेदवार क्वचितच घडतो, पण एखादा क्षण त्याला उचलून धरतो किंवा खाली पाडतो. १९८० मध्ये न्यू हॅम्पशायरच्या नॅशुआ गावी सूत्रसंचालकांनी ध्वनिक्षेपक बंद करायला सांगितला तेव्हा ‘या ध्वनिक्षेपकाचे पैसे मी भरतो आहे’ असे रेगन यांनी ठणकावले आणि तीनच दिवसांनी तिथली प्राथमिक निवडणूक जिंकली. उलट २०११ मधल्या एका डिबेटमध्ये टेक्सासचे तेव्हाचे गव्हर्नर रिक पेरी यांना आपण बंद करणार असलेल्या तीन खात्यांपैकी तिसऱ्याचे नावच आठवले नाही आणि त्यांची मोहीम पुन्हा उभी राहिली नाही. गंमत म्हणजे २०१७ मध्ये ट्रम्प यांनी तेच ऊर्जा खाते त्यांच्याकडे सोपवले.

२०२४ च्या शर्यतीत असा क्षण कोणालाच साधला नाही. ट्रम्प पुढच्या एकाही चर्चेला गेले नाहीत आणि १५ जानेवारी २०२४ रोजी सर्वांत आधी मत देणाऱ्या आयोवा राज्यात त्यांनी ५१ टक्के मते घेतली. रामस्वामी त्याच रात्री बाहेर पडले, डीसँटिस आठवड्याभरात, तर हेली ६ मार्चला. दादांच्या ओहायोत मतदान झाले १९ मार्चला, म्हणजे सगळे आटोपल्यावर. त्याच्या आठवडाभर आधीच ट्रम्प यांनी उमेदवारीसाठी लागणारे, पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी मिळवले होते. हेली यांचे नाव ओहायोच्या मतपत्रिकेवर तरीही छापलेले होते आणि मैदान सोडलेल्या बाईंना तिथे हजारो मते पडलीही. त्यांत एक दादांचे होते की काय, ते आपण त्यांनाच विचारावे.