सोनेतारण आणि माणसाचं तारण

एका वाचकाने विचारलं आहे: ‘सोलापुरात एका चर्चच्या भिंतीवर “तारण कृपेने, कर्मांनी नव्हे” असं वाचलं. जवळच एका पतसंस्थेची “सोनेतारण कर्ज” अशी पाटी. शब्द एकच का? आणि कृपादान म्हणजे बक्षीसच ना?’

शब्द एकच. संस्कृत ‘तॄ’ म्हणजे पार जाणे, त्यावरून तारणे म्हणजे पार नेणे. बुडत्याला काढतं ते तारण, आणि कर्ज बुडायला आलं की सावकाराला वाचवतं तेही तारणच. (आपल्याकडे पैसेही ‘बुडतात’च की.) गोंधळ क्रियापदाशी मिटतो. पाटल्या तारण ‘ठेवतात’, माणसाचं तारण ‘होतं’. ठेवणारा मी असतो. होण्यात माझं कर्तेपण गळून जातं. भिंतीवरच्या ओळीतलं निम्मं धर्मशास्त्र इथेच आलं.

आता बक्षीस. गॅदरिंगमधलं बक्षीस धावून, गाऊन कमवावं लागतं. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे तारण, म्हणजे पापातून सुटका, कमावता येतच नाही. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायाच्या शेवटी प्रेषित पौल ‘पापाचे वेतन मरण’ म्हणतो आणि लगेच त्यासमोर ‘देवाचे कृपादान’ ठेवतो. वेतनाला मूळ ग्रीक शब्द ऑप्सोनिया, म्हणजे शिपायाचा शिधा-पगार. कृपादानाला खारिस्मा, आणि त्याच्या पोटात खारिस, म्हणजे कृपा. नुसतं ‘दान’ लिहिलं असतं तर ही कृपा निसटली असती. शिवाय आपल्या ‘दाना’त देणाऱ्याला पुण्य लागतं, इथे देणाऱ्याला पुण्य जोडायचं नाही. म्हणून ‘कृपादान’ मला फार नेमकं वाटतं.

त्याच पत्राच्या चौथ्या अध्यायात तो म्हणतो, काम करणाऱ्याची मजुरी ही कृपा नव्हे, ते देणं असतं. हे सोलापूरकरांना समजावायला नको. हजार विड्या वळून झाल्यावर मिळालेल्या मजुरीला ‘मालकाची कृपा’ म्हणून बघा, विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतल्या बाया चांगलं ऐकवतील.

तरी बक्षीस अगदीच टाकाऊ नाही. दस्त लिहिण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे मला बक्षीसपत्र आठवतं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात बक्षीस म्हणजे स्वखुशीने, विनामोबदला दिलेलं आणि घेणाऱ्याने स्वीकारलेलं. विनामोबदला ही कृपा, स्वीकार हा विश्वास. स्वीकारलं म्हणून घर स्वकष्टार्जित होत नाही! दाखला याहून ताणू नये.

‘फुकट’ मात्र नको. घेणाऱ्याला ते फुकट, देणाऱ्याला नव्हे. मराठी बायबलात येशूच्या प्राणार्पणाला ‘खंडणी’ म्हटलं आहे. आज खंडणी म्हटलं की पोलीस ठाणं आठवतं. तिथे अर्थ, दुसऱ्याच्या सुटकेसाठी स्वतः मोजलेली किंमत.

‘कर्मांनी नव्हे’ याचा अर्थ सत्कर्मं सोडा, असा कुणी घेऊ नये. इफिसकरांस पत्रात ‘कर्मांनी नव्हे’च्या पुढच्याच वाक्यात सत्कर्मं येतात, फक्त ती तारणामागून येतात. यावरून कॅथलिक आणि ल्यूथरन या दोन ख्रिस्ती पंथांचं शतकानुशतकं वाजलं. १९९९ मध्ये जर्मनीतल्या ऑग्सबर्गला त्यांनी याच विषयावरच्या संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या, तेव्हा कुठे बरंच जुळलं.

वापरापुरतं सांगायचं तर ‘मला तारण मिळालं’ म्हणा. ‘मी तारण मिळवलं’ हे व्याकरणात बसेल, त्या भिंतीवर बसणार नाही.