वाचकांचे प्रश्न : हलक्या विमानाला कोणता अँटेना लावावा?

प्रश्न : माझे काका आणि मी मिळून दोन आसनांचे हलके विमान बांधत आहोत. सांगाडा पोलादी नळ्यांचा असून त्यावर कापडी आवरण येणार आहे. जोडकामाचा बराचसा भाग बेळगावच्या उद्यमबागेत करून घेतला. आता रेडिओसाठी अँटेना घ्यायचा आहे. साधी सळई, वाकवलेली सळई आणि माशाच्या परासारखे चपटे पाते असे प्रकार मिळतात आणि त्यांच्या किमतींत मोठा फरक आहे. महागडे पाते घेतले की आवाज स्वच्छ येईल, असे काकांचे म्हणणे आहे. ते बरोबर आहे का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : काकांची काळजी योग्यच आहे, परंतु पैसे कोठे घालावेत याबाबत माझे मत वेगळे आहे. दुकानातून आपण जी सळई किंवा जे पाते आणता, तो केवळ अर्धा अँटेना असतो; उरलेला अर्धा म्हणजे त्याच्या बुडाखाली पसरलेला धातूचा पृष्ठभाग. पोलिसांच्या जीपवरची सळई नीट काम करते, कारण तिच्याखाली छताचा पत्रा असतो. पत्र्याच्या विमानात हा भाग आयताच मिळतो, आपल्या कापडी विमानात मात्र तो मुद्दाम तयार करावा लागेल आणि आपली खरी निवड येथेच आहे.

विमानांचे संभाषणाचे रेडिओ ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालतात. पट्ट्याच्या मध्याजवळ, १२७ मेगाहर्ट्झला, लहरीची लांबी सुमारे २.३६ मीटर भरते आणि तिचा चौथा हिस्सा, म्हणजे साधारण ५९ सेंटिमीटर, ही सळईची लांबी होते. बुडाखालचा धातूही सर्व बाजूंना जवळपास तेवढाच पसरलेला हवा. सांगाड्याच्या नळ्यांमध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा बसवून तो नळ्यांशी, रंग खरवडून, धातूला धातू भिडेल असा जोडावा; पत्र्याला जागा नसेल तर तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या ५९ सेंटिमीटर लांबीच्या चार पट्ट्या अँटेनाच्या बुडापासून चार दिशांना कापडाच्या आतून न्याव्यात. हे केले नाही, तर महागडे पातेही अधू राहते. काचतंतूच्या (फायबरग्लासच्या) विमानात पत्र्याखेरीज नुसती सळई बसवून, आवाज येत नाही म्हणून रेडिओच बदलत बसलेली मंडळी मी पाहिली आहेत आणि त्यांच्या वाया गेलेल्या पैशांचे मला आजही वाईट वाटते.

पात्याचे गुण खोटे नाहीत. बारीक सळई पट्ट्याच्या मध्यावर चांगली जुळते, पण दोन्ही टोकांना कमी जुळते. जाड सळई किंवा पाते सगळा पट्टा अधिक समतोलपणे सांभाळते, शिवाय वेगात पात्याचा वाऱ्याला होणारा अडथळा कमी असतो. आपल्या विमानाचा वेग पाहता मी जाड, वाकवलेली सळई घेईन. मात्र ती शक्य तितकी उभी राहावी, कारण जमिनीवरचे अँटेनाही उभेच असतात आणि सळई आडवी झाली की संदेश फार क्षीण होतो.

जागा म्हणून केबिनच्या मागची पाठ मला पसंत आहे. पोटाखाली बसवलेला अँटेना हवेत उत्तम चालतो, परंतु जमिनीवर असताना त्याचा संदेश विमानाच्या अंगाआड दबतो आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात चिखल-खडी त्याच्यावरच उडते. जीपीएसचा अँटेना रेडिओच्या अँटेनापासून जितका दूर ठेवता येईल तितका ठेवावा.

केबल ५० ओहमचीच घ्यावी. टीव्हीची केबल ७५ ओहमची असते, ती वापरू नये. तीन-चार मीटर अंतरात आरजी-५८ आणि आरजी-४०० या ५० ओहमच्या दोन केबलींमध्ये होणाऱ्या संदेशाच्या ऱ्हासातला फरक नगण्य आहे, तरीही मी आरजी-४०० सुचवतो, कारण तिचे आवरण उष्णता सोसते आणि दुहेरी जाळीमुळे इंजिनाच्या ठिणग्यांचा गोंगाट आत कमी शिरतो. पात्यावर वाचलेले पैसे येथे घालावेत.

बसवल्यानंतर ११८, १२७ आणि १३६.९ मेगाहर्ट्झ अशा तिन्ही ठिकाणी एसडब्ल्यूआर, म्हणजे पाठवलेली शक्ती अँटेनाकडून किती परत फिरते हे सांगणारा आकडा, मोजावा. २ पर्यंत असल्यास समाधान मानावे. ३ झाल्यास पाठवलेल्या शक्तीचा चौथा हिस्सा परत फिरतो. ओल शिरलेली किंवा गंजलेली केबल शक्ती स्वतःच गिळते आणि आकडा उगाच चांगला दाखवते, म्हणून केवळ मीटरवर विसंबू नये.

या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, हेही ध्यानात असावे. बेळगावचा विमानतळ असलेल्या सांबऱ्याच्या पठारापासून ३,००० फूट वर असताना रेडिओचे क्षितिज सुमारे १२५ किलोमीटरवर असते. पण चोर्ला घाटाच्या पलीकडे गोव्याच्या बाजूला खालून उडाल्यास सह्याद्रीची कडाच आड येते. तेथे अँटेनाची किंमत कामी येत नाही, उंचीच घ्यावी लागते.

आराखडा आधी परवानाधारक विमान अभियंत्याला दाखवावा. सर्व काम झाल्यावर परवानगीने सांबऱ्याच्या नियंत्रण कक्षाशी चाचणीचे बोलणे करावे आणि विमानाचे तोंड चारही दिशांना वळवून प्रत्येक वेळी आवाज कसा पोहोचतो ते विचारून लिहून ठेवावे. ही चाचणी १२१.५ मेगाहर्ट्झवर कधीही करू नये, कारण ती वारंवारता आणीबाणीसाठी राखीव आहे.