वाचकांचे प्रश्न : लपणाभोवती झुडपे कशी लावावीत?

प्रश्न : सांगोला तालुक्यात आमचे जुने मातीचे शेततळे असून त्याला प्लॅस्टिकचे अस्तर नाही. तित्तिरांच्या शिकारीसाठी आजोबा त्याच्या काठी लपण करून बसत. शिकार अर्थातच केव्हाच बंद झाली; मला तेथे पक्ष्यांची छायाचित्रे घ्यायची आहेत. मी पत्रे आणि गोणपाट वापरून लहानशी खोपी उभारली, परंतु तिच्यावर टाकलेले निर्गुडीचे डहाळे तीन दिवसांत सुकतात आणि पक्षी लांब राहतात. माळावरची झुडपे मुळासकट आणून लावली तर चालतील का? – एक वाचक

उत्तर : लावण्याचा विचार योग्य आहे, परंतु माळावरून झुडपे उपटून आणू नयेत. माळ वनखात्याचा असेल तर परवानगीशिवाय तेथील रोप काढणे बेकायदेशीर ठरते; शिवाय बोर, हेंकळ यांसारख्या काटेरी झुडपांचे सोटमूळ खोल गेलेले असल्यामुळे ते खणताना तुटते आणि मोठे झुडूप बहुधा जगत नाही. आपल्याच बांधावरची गुडघ्याएवढी रोपे मातीच्या गोळ्यासह काढावीत, वरचा एक तृतीयांश पाला छाटावा आणि ती त्याच दिवशी लावावीत.

निवड करताना एक गोष्ट हमखास विसरली जाते. आपण लावणी पावसाळ्यात करणार, पण लपणात बसणार डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत, आणि मुरुडशेंगेसारखी पानगळीची झुडपे तेव्हा उघडी पडलेली असतात. म्हणून उन्हाळ्यातही पाला टिकवणारी अडुळसा, करवंद आणि पाण्याजवळची निर्गुडी निवडावी. अडुळसा व निर्गुडी यांना शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत, हा आपल्या भागात मोठाच फायदा आहे. या दोहोंच्या पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, 20 ते 25 सेंटिमीटर लांबीच्या फांद्या ओल्या मातीत खोचल्या तरी फुटतात, त्यामुळे मुळासकट काहीच आणावे लागत नाही. करवंदाचे बी मात्र मे-जूनमध्ये पिकलेल्या फळातून काढून ताजेच पेरावे. पाण्याच्या कडेला वाळ्याचे ठोंब फोडून, दोन-तीन फुटवे एकत्र ठेवून, 15 ते 20 सेंटिमीटरवर लावावेत. आजूबाजूचे गवत सोनेरी होते तेव्हा वाळलेला वाळाही त्यात मिसळून जातो. पाणकणीस लावण्याचा मोह आवरावा, कारण लहान तळे ते थोड्याच वर्षांत व्यापून टाकते. झपाट्याने वाढणारी बेशरम, घाणेरी आणि वेडी बाभूळ तर बाहेरून आलेली आहेत. ती मुद्दाम लावणे म्हणजे तळ्याचे नुकसान करणे होय.

सांगोल्याकडे मोठा पाऊस बहुधा सप्टेंबरात होतो आणि जूनच्या सरींनंतर लांब उघाड पडते. हाताशी पाणी नसेल तर लावणी ऑगस्टअखेरीपर्यंत थांबवावी. पहिला उन्हाळा पार पडेपर्यंत आठवड्यातून एकदा पाणी आणि बुंध्याशी पालापाचोळ्याचे आच्छादन द्यावे.

ही झुडपे तळ्याच्या भरावावर मात्र लावू नयेत. मुळांच्या वाटेने भरावातून पाणी पाझरू लागते. लपण पाणी आत येते त्या बाजूस, नैसर्गिक उतारावर हलवता आले तर उत्तम. ती बाजू पूर्वेला असेल तर सकाळचा प्रकाशही आपल्या पाठीमागून पडेल.

आता पक्षी लांब का राहतात त्याविषयी. सुकलेल्या डहाळ्यांमुळे ते बिचकत असतील असे मला वाटत नाही. खोपीची स्थिर भिंत पक्ष्यांच्या काही दिवसांत अंगवळणी पडते, परंतु खिडकीतली हालचाल आणि उघड्यावरून चालत येणारा माणूस यांची त्यांना सवय होत नाही. म्हणून सर्वांत दाट लावणी खोपीच्या पुढे न करता मागे, येण्याच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना करावी, आणि खिडकीवर गोणपाटाचा पडदा ठेवून भिंगापुरतेच भोक ठेवावे. समोर वाळ्याची कमरेएवढी रांग पुरे; उंच झुडपे आपलीच दृष्टी अडवतात आणि मांजराला दबा धरायला जागा देतात.

आजोबांच्या काळाशी एक फरक सांगणे आवश्यक वाटते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ज्या पक्ष्यांना संरक्षण दिले आहे त्यांची अंडी व घरटी विस्कळीत करणे हेही शिकारीच्या व्याख्येत येते. टिटवी उघड्या काठावरच अंडी घालते, तेव्हा मार्चपासून काठावर खणण्या-लावण्याचे कोणतेही काम करू नये आणि अंडी दिसल्यास तेवढ्या दिवसांपुरते लपण बंद ठेवावे.