जुना ट्रक परराज्यातून घरी आणताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : तामिळनाडूतल्या नामक्कलला 2018 सालचा, बीएस-4 (धुराच्या प्रदूषणाचे मानक), दहा चाकी ट्रक घेतला आहे. सहा महिने यार्डात उभा होता, पण सेल्फ मारला की सुरू होतो. ड्रायव्हर पाठवून सांगलीपर्यंत चालवत आणायचा आहे. निघण्याआधी काय काय बघून घ्यावे? (वाचक, सांगली)

जरूर चालवत आणा, पण ज्या दिवशी ताबा मिळेल त्याच दिवशी निघू नका. एक पूर्ण दिवस नामक्कलमध्येच घालवा. तिथे आणि शेजारच्या संकगिरीत गल्लोगल्ली ट्रकचे गॅरेज आहेत, कुठलाही पार्ट तासाभरात मिळतो. तोच पार्ट तुमकुरूच्या पुढे रात्री दहाला शोधायची वेळ आली तर दोन दिवस जातात आणि पैसे दुप्पट लागतात.

उभ्या गाडीत सगळ्यात आधी खराब होते ते डिझेल. टाकीच्या तळाशी पाणी आणि गाळ बसलेला असतो. यार्डात दहा मिनिटे इंजिन चालवून तो कळत नाही. गाडी रस्त्यावर हादरायला लागली की गाळ उसळतो, साठ-सत्तर किलोमीटरवर फिल्टर चोंदतो आणि चढावर गाडी ओढेनाशी होते. त्यामुळे टाकीचा ड्रेन प्लग उघडून तळाचे चार-पाच लिटर काचेच्या बरणीत काढा आणि अर्धा तास स्थिर ठेवा. खाली पाण्याचा थर किंवा काळसर चिखल दिसला तर टाकी पूर्ण रिकामी करून धुऊन घ्या. डिझेल फिल्टर आणि पाणी वेगळे करणारा फिल्टर दोन्ही नवे बसवा, आणि त्यांचा आणखी एक जोड गाडीत ठेवा. फिल्टर बदलल्यावर हँड पंपाने हवा कशी काढायची हे ड्रायव्हरला तिथेच एकदा करून बघू द्या.

युरियाचेही तसेच. (युरिया म्हणजे धूर स्वच्छ करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरायचे द्रावण.) उन्हात सहा महिने राहिलेल्या युरियाचा भरवसा नसतो. टाकी रिकामी करून नवा भरा, नोझलपाशी पांढरे खडे जमले असतील तर कोमट पाण्याने विरघळवून काढा. युरियाच्या सिस्टिममध्ये दोष असेल तर डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि काही वेळाने इंजिनची ताकद आपोआप कमी होते. अशा गाड्यांमध्ये कधी कधी कुणीतरी बायपास किट लावून सिस्टिम बंद केलेली असते. असे किट सापडले तर विकणाऱ्याकडून मूळ सिस्टिम चालू करून घ्या, कारण पुढे पीयूसी (धुराची तपासणी) आणि फिटनेसला (गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचा दाखला) तीच अडचण उभी राहते. रिकाम्या गाडीला लिटरला पाच किलोमीटर धरले तर नऊशे किलोमीटरला साधारण 180 लिटर डिझेल लागेल आणि त्याच्या पाच टक्के, म्हणजे नऊ-दहा लिटर युरिया.

आता ब्रेक. ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. इंजिन चालू ठेवून हवेचा दाब आठ किलोपर्यंत भरू द्या, चाकांना उटी (चाक अडवायचे ठोकळे) लावा, हँडब्रेक सोडा आणि इंजिन बंद करा. मिनिटभर काटा बघा. मग ब्रेक पेडल पूर्ण दाबून धरा आणि पुन्हा मिनिटभर बघा. पेडल दाबलेले असताना मिनिटाला पाव किलोपेक्षा जास्त हवा उतरत असेल तर गळती आहे. साबणाचे पाणी घेऊन प्रत्येक जॉइंट, ब्रेक चेंबर आणि होज तपासा. हवेच्या टाक्या ड्रेन करा, त्यातून तेलकट पाणी बरेच आले तर एअर ड्रायरचे काडतूस बदलायला झाले आहे. महिनोन्महिने हँडब्रेक लावून उभ्या असलेल्या गाडीचे ब्रेक शू ड्रमला गंजून चिकटतात. एखादे चाक फिरतच नसेल तर रेस देऊन ओढू नका, ड्रम उतरवून साफ करा. दोन्ही बाजूंचे स्लॅक अ‍ॅडजस्टर (ब्रेकची ढिलाई जुळवणारे भाग) सारखे लावून घ्या, नाहीतर जोरात ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला खेचते.

टायरची जाडी सगळेच बघतात, वय मात्र क्वचितच कुणी बघतो. टायरच्या बाजूला लांबट चौकटीत चार आकडे असतात. 2319 असेल तर 2019 सालचा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षांच्या टायरला कडेने बारीक भेगा पडल्या असतील तर तो पुढच्या चाकाला अजिबात ठेवू नका. रिमोल्ड (जुन्यावर नवे रबर चढवलेला) टायरही पुढे नको. मागच्या जोडचाकांत आतल्या टायरची हवा गेज लावूनच मोजा, हातोडी ठोकून अंदाज घेऊ नका. आतला टायर बसला की सगळा भार बाहेरच्यावर येतो, आणि जुना टायर तिथेच फुटतो.

याशिवाय इंजिन ऑइल, गिअरबॉक्स आणि हौजिंगचे (मागच्या अ‍ॅक्सलच्या गिअरचे) ऑइल, कूलंट, फॅन बेल्ट, प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांना ताकद नेणारा दांडा) क्रॉस आणि सेंटर बेअरिंग, पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) यू-बोल्ट, किंगपिनला ग्रीस हे एका चांगल्या मिस्त्रीचे दोन-तीन तासांचे काम आहे. इंजिन चालू असताना बॅटरीवर मीटर लावा. साधारण 27.5 ते 28.5 व्होल्ट दिसले की अल्टरनेटर ठीक आहे.

प्रश्न : वाटेत गाडीवर लक्ष कसे ठेवावे? किती दिवस धरावेत? (तेच वाचक)

तीन दिवस धरा. पहिला मुक्काम तुमकुरू, दुसरा हुबळी-धारवाड, तिसऱ्या दिवशी सांगली. घाई करून दोन दिवसांत येता येते, पण अनोळखी गाडी रात्री चालवावी लागते, आणि तेच टाळायचे आहे. ड्रायव्हरकडे अवजड वाहनाचा परवाना हवा. कायद्याने त्याचे काम दिवसाला आठ तास आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती असे आहे. तेवढेच पाळले तरी वरचे वेळापत्रक बसते.

पहिला थांबा वीस-पंचवीस किलोमीटरवर घ्या, दुसरा सेलमला. प्रत्येक थांब्यावर ड्रायव्हरने खाली उतरून सर्व चाकांच्या हबजवळ (चाकाच्या मधल्या भागाजवळ) तळहाताची मागची बाजू न्यावी, आधी चिकटवू नये. सगळे हब सारखे कोमट असतील तर ठीक. एकच हब भाजण्याइतका गरम असेल तर तिथला ब्रेक घासतो आहे किंवा बेअरिंग गेले आहे. जळकट वास आणि ड्रम तापलेला असेल तर ब्रेक. ड्रम त्या मानाने थंड, पण हबच्या झाकणाकडून ग्रीस वितळून रिमवर आलेले असेल तर बेअरिंग. बेअरिंग असेल तर पुढे एक किलोमीटरही नेऊ नका, चाकच निघून येते. चाके उतरवून बसवली असतील तर पन्नास ते शंभर किलोमीटरवर नट पुन्हा आवळावेच लागतात. काही गाड्यांना डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात, पाना लावण्याआधी ते बघून घ्या.

सेलमच्या पुढे थोप्पूरचा घाट लागतो. धर्मपुरीकडून सेलमकडे उतरताना तो अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. तुम्हाला तो चढायचा आहे, त्यामुळे तिथे कूलिंगची खरी परीक्षा होते. तापमानाचा काटा 80 ते 90 अंशांत राहायला हवा. शंभरकडे निघाला तर बाजूला घ्या, इंजिन लगेच बंद न करता दोन-तीन मिनिटे आयडलवर ठेवा, म्हणजे टर्बोला ऑइल मिळत राहते, आणि रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नका. घाट सुखरूप चढला तर पुढच्या रस्त्याची निम्मी काळजी गेली.

बंगळुरू शहरात अवजड गाड्यांना वेळेचे निर्बंध असतात. होसूर रस्त्यावरून नाईस रोड धरून तुमकुरू रस्त्याला लागा. बेळगावनंतर वंटमुरीचा आणि निपाणीच्या अलीकडे तवंदीचा उतार आहे. उतारावर ज्या गिअरमध्ये गाडी चढली असती त्याच गिअरमध्ये, एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनानेच वेग रोखणारा ब्रेक) लावून उतरवा. पेडलवर पाय ठेवून उतरलात तर जुने लायनर तापून ब्रेक लागेनासे होतात.

गाडीत 20 टनी जॅक, पाइपसह चाकपाना, दोन उटी, ऑइल पाच लिटर, कूलंट दहा लिटर, एक ब्रेक होज, फॅन बेल्ट, फ्यूज-बल्ब आणि धोक्याचा त्रिकोण ठेवा.

प्रश्न : नोटरी झाली, पैसे दिले. कागदपत्रांचे गावी आल्यावर बघू म्हटले तर चालेल का? (वाचक, फलटण)

नाही. इथे क्रम महत्त्वाचा आहे. परराज्यात नेण्यासाठी मूळ आरटीओची ना-हरकत लागते, तिचा अर्ज फॉर्म 28. मालकी बदलासाठी फॉर्म 29 आणि 30, बँकेचा बोजा उतरवायला फॉर्म 35. या सगळ्यांवर विकणाऱ्याच्या सह्या ताबा घेतानाच घ्या. फॉर्म 28 ला चेसिस नंबरची पेन्सिलने घेतलेली छाप लागते, तीही गाडी तिथे असतानाच काढा. परिवहनच्या संकेतस्थळावर ई-चलन आणि थकीत कर बघा. एक जरी चलन बाकी असेल तरी काम अडते.

मालवाहू गाडीला ना-हरकत मिळण्याआधी जुने परमिट जमा करावे लागते. परमिट जमा झाल्यावर गाडी रस्त्यावर आणायची तर त्या आरटीओकडून प्रवासापुरते तात्पुरते परमिट घ्या. परमिट अजून चालू असेल तर गाडी रिकामी, मूळ मालकाच्या सहीचे पत्र आणि विक्रीच्या कागदांच्या प्रती सोबत ठेवून आणा.

फिटनेस मात्र चालू हवाच. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला तो दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावा लागतो. फिटनेस संपलेल्या गाडीची नोंदणीच कायद्याने वैध धरली जात नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी आधी तिथेच बोट ठेवते. तो संपला असेल तर तिथेच करून घ्या, नाहीतर लोबेड ट्रेलरवर आणा. ट्रेलरचे भाडे जास्त आहे, पण अशा गाडीसाठी दुसरा सरळ मार्ग नाही.

विम्याबाबत बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. मालकी बदलली की तृतीय पक्षाचा विमा नव्या मालकाकडे येतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण आपोआप येत नाही. बदलाचा अर्ज 14 दिवसांत विमा कंपनीकडे द्यायचा असतो. गाडी हलवण्याच्या आधीच तो देऊन पोच घ्या.

प्रश्न : फास्टॅग जुन्या मालकाचा चालेल का? (वाचक, बारामती)

चालवू नका. त्याने मध्येच बंद केला तर टोलवर नेहमीपेक्षा जास्त पैसे भरावे लागतात. त्याच्याकडून बंद करून घ्या आणि तुमच्या नावाने नवा घ्या.

प्रश्न : रिकामा आणण्यापेक्षा परतीचे भाडे मिळत असेल तर भरून आणावा का? डिझेल तरी निघेल. (वाचक, इचलकरंजी)

मोह स्वाभाविक आहे, तरी आमचे स्पष्ट उत्तर नाही असेच आहे. परमिट आणि विमा दोन्ही बदलाच्या मध्यावर असताना माल भरला तर नुकसान कुणाचे यावरच वाद होतो. शिवाय ब्रेक, पाटे, टायर अजून भाराखाली पारखलेले नाहीत. भरलेला ट्रक वाटेत बंद पडला तर दुसरी गाडी आणून माल उतरवण्याचा खर्च भाड्यापेक्षा जास्त येतो.

प्रश्न : बंद पडलाच तर दुसऱ्या ट्रकने ओढून आणता येईल का? (वाचक, कराड)

जवळच्या गॅरेजपर्यंतच. आधी प्रोपेलर शाफ्ट मागच्या हौजिंगकडून सोडा. इंजिन बंद असताना चाके फिरली की गिअरबॉक्सचा मेन शाफ्ट फिरतो, पण त्याला ऑइल मिळत नाही आणि वीस-तीस किलोमीटरमध्ये बेअरिंग जळते. हवा उतरली की मागचे ब्रेक स्प्रिंगने आपोआप लागतात, म्हणून ओढणाऱ्या गाडीची हवा होजने जोडा किंवा ब्रेक चेंबरचा बोल्ट फिरवून स्प्रिंग मागे ओढून घ्या. बोल्टने सोडलेल्या गाडीला हँडब्रेक उरत नाही, तेव्हा उभी केल्याबरोबर दोन्ही बाजूंना उटी लावा. साखळी किंवा दोर वापरू नका, टो बार वापरा, आणि ज्या गाडीचे पायब्रेक काम करत नाहीत ती क्रेनने उचलूनच न्या.