मीटिंगला जायची लाज वाटते

प्रश्न: ताई, माझा नवरा रोज पितो, आता स्वतःहून सोडायची म्हणतोय पण एएच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या गटाच्या, मीटिंगला नको म्हणतो. तिथे सगळे पिणारेच, ते मला काय शिकवणार असं त्याचं म्हणणं. खरंच उपयोग होतो का?

उत्तर: अगं, तेच तर त्या मीटिंगचं बळ आहे! १९३५ साली अमेरिकेत बिल विल्सन आणि डॉक्टर बॉब स्मिथ हे दोघे पिणारेच एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून एए उभं राहिलं. माणूस बायकोला थापा मारतो, डॉक्टरला पण मारतो, पण ज्याने स्वतः बाटल्या लपवल्यात त्याला कशा मारणार? तिथे फी नाही, आडनाव सांगायची गरज नाही, पिणं थांबवायची इच्छा एवढीच अट. पुढे एखादा जुना मेंबर स्पॉन्सर, म्हणजे पाठीशी उभा राहणारा सोबती, होतो, तलफ आली की ग्लासाआधी त्याला फोन लावायचा, आणि मला तर हेच सगळ्यात मोलाचं वाटतं कारण तलफ बऱ्याचदा थोड्या वेळात ओसरते, तेवढा वेळ कोणीतरी सोबत लागतं.

पण आधी डॉक्टर, हे नक्की. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावर पण बेततं.

आणि तू? पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी अल-ॲनॉन नावाचा गट आहे, १९५१ पासून. तो मीटिंगला गेला नाही तरी तू जा, त्याची वाट बघत थांबू नकोस.