थाई प्रश्नावलीचं उलट भाषांतर मूळ इंग्रजीशी जुळलं, आता किती रुग्ण घ्यायचे?

फुफ्फुसाच्या रुग्णांची इंग्रजी लक्षण-प्रश्नावली थाईत आणली, परत इंग्रजीत केली (हेच उलट भाषांतर, बॅक-ट्रान्सलेशन), ती मुळाशी जुळली, असं तुम्ही लिहिलंय. रुग्णांचा आकडा सांगते, पण आधी ते 'जुळली' बघू. याच शब्दावरून बँकॉकमध्ये माझं आणि आमच्या साहेबांचं (साहेब मराठीच) चांगलंच वाजलं होतं.

आमच्या प्रश्नावलीत एक प्रश्न धाप लागण्याचा होता, एक थकव्याचा. भाषांतरात दोन्हीकडे 'नुआय' आलं. थाईत नुआय म्हणजे थकणं आणि धाप लागणंही. आपल्याकडे निदान 'दमले' आणि 'दम लागला' यात फरक राहतो. उलट भाषांतर करणारा स्वतः डॉक्टर. त्याने पहिल्या नुआयची धाप केली, दुसऱ्याचा थकवा. असल्या प्रश्नावल्या त्याला तोंडपाठ, चुकेल कसा! साहेब खूश.

मग ओपीडीत इसानकडच्या (थायलंडचा ईशान्य भाग), भातशेती करणाऱ्या एक मावशी आल्या. नर्सने त्यांना धापेचा प्रश्न वाचून दाखवला आणि म्हणाली, आता तुमच्या शब्दांत सांगा. मावशी म्हणाल्या, दिवसभर वाकून रोपं लावली की नुआय होणारच, त्यात आजार कसला? थकव्याचा प्रश्न आल्यावर हसल्या. "हे मघाशी विचारलंत की." आणि आधीच्याच उत्तरावर खूण केली.

हे साहेबांना सांगितलं, तर त्यांनी क्रॉनबाख अल्फा दाखवला, म्हणजे प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा, जास्तीत जास्त १. आमचा ०.९च्या वर. "अगं, आकडा बोलतोय ना, मग तू कशाला बोलतेस?" अहो, एकच प्रश्न दोनदा विचारल्यावर अल्फा चढणारच! तो गुण नव्हे, ती तक्रार आहे. शेवटी धापेसाठी 'हाय जाय माय इम' घेतलं. जेवून पोट भरतं त्याला 'इम' म्हणतात, म्हणजे श्वासाने पोट न भरणं. थकव्याला 'ऑन फ्लिया'. दुसऱ्या फेरीत कुणी हसलं नाही.

तर तुमचा आकडा: समजुतीच्या मुलाखतींना (मावशींना विचारलं तसं, प्रश्न स्वतःच्या शब्दांत सांगायला लावणं) ३० ते ४० रुग्ण, पुढे प्रमाणीकरणाला, म्हणजे प्रश्नावली नीट मोजते का हे तपासायला, प्रत्येक प्रश्नामागे ५ ते १०. उत्तरं तीच येतात का बघायला आठवडा-दोन आठवड्यांनी पुन्हा भरून घ्या, पण ज्यांची तब्येत मधल्या काळात बदलली नाही त्यांच्याकडूनच. मुलाखतीत "समजलं का?" असं चुकूनही विचारू नका. तिथे क्रेंग जाय नावाचा संकोच असतो, समोरच्याला अवघडायला नको म्हणून माणूस हो म्हणून मोकळा होतो.

उलट भाषांतर टाकाऊ आहे असं मात्र मी म्हणत नाही. एखादा नकार गळला असेल तर तिथे सापडतो, आणि प्रश्नावलीचे मालक बरेचदा ते मागतातच. शिवाय माझा अनुभव एकाच ओपीडीतला. पण उलट भाषांतर करणारा डॉक्टर नको, यावर मी आजही भांडेन.

आणि इसानचे रुग्ण असतील तर मुलाखतीला तिकडचीच नर्स घ्या. बँकॉकच्या थाईत 'मुआय' म्हणजे अंग दुखणं, इसानमध्ये मुआय म्हणजे थकणं. आमच्याकडे मुलाखती घेणाऱ्या बँकॉकच्या मुलीने पहिले काही दिवस मुआय म्हणणाऱ्या इसानच्या रुग्णांसमोर सरळ अंगदुखी लिहिली होती. साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, "पण बॅक-ट्रान्सलेशनमध्ये असं काही आलं नव्हतं."